सरावाचं कडवं

सूत कातणाऱ्या ग्रिझेलचं भजन आमच्या पाद्रीबुवांनी झिडकारलं. "बायकांचे शब्द सरावापुरते," म्हणाले. आम्हा स्कॉटिश लोकांत पवित्र स्तोत्रं फक्त रविवारी गायची. आठवडाभर चाल घोटायला कुठलेही साधे शब्द चालतात. मग चिडलेल्या ग्रिझेलने सरावाला कडवं दिलं: 'देवा, मोलकरीण पापाच्या स्टुलावर उभी, अन् तिला फसवणारा जमीनदाराचा पोरगा मऊ गादीवर. तुला दिसतं ना?' आम्ही ते दात-ओठ खात घोटलं. रविवारी चर्चमध्ये ती मोलकरीण पोरगी, पाप्यांना सगळ्यांसमोर उभं करायच्या त्या स्टुलावर उभी होती. चाल सुरू झाली आणि सवयीने सगळ्यांच्या तोंडून तेच कडवं निघालं.

"हे काय चाललंय?" पाद्रीबुवा ओरडले.

ग्रिझेल उठली. "सराव चाललाय, पाद्रीबुवा. ती पोरगी खाली उतरेपर्यंत चालणार."