मेलबॉक्समधली घाण

इराकच्या युद्धाच्या तोंडावरचे ते दिवस. फ्रान्सने अमेरिकेसोबत यायला नकार दिला होता, आणि अमेरिकेतल्या आमच्या डब्लिन गावातल्या लोकांना फ्रेंच म्हटलं की मळमळायला लागलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तर फ्राइजच्या पाटीवरून ‘फ्रेंच’ हा शब्दच खोडला होता.

आमच्या शेजारी एक फ्रेंच आजोबा राहायचे. अमेरिकन बायकोमुळे इकडे आलेले, ती गेल्यावर एकटेच. दर वसंतात त्यांचा एक जुना मित्र फ्रान्सहून राहायला यायचा.

त्या सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर तो मित्र आजोबांच्या मेलबॉक्सपाशी गुडघ्यांवर बसलेला. कुणीतरी आत कुत्र्याची घाण कोंबली होती. वासाने मी दोन पावलं मागे सरले. तो मात्र उघड्या हाताने, फडक्याने एकेक कोपरा पुसत होता. मी हातमोजे आणि साबणाचं पाणी घेऊन आले, तोवर आजोबाही बाहेर आले होते.

“असू द्या,” ते म्हणाले, “त्यानं माझी याहून वाईट घाण काढलीय.”

मग पायरीवर बसून सांगू लागले. विशीत दोघांनाही सक्तीने फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या लढाईवर धाडलं होतं. हे बेकरीत काम करणारे, मित्र गोठ्यात. लढाई वर्षानुवर्षं संपेना. डोंगरातल्या ठाण्यावर आजोबांना हगवण लागली.

“उठवत नव्हतं. बाकीचे नाक दाबून दुसऱ्या तंबूत गेले. हा थांबला. स्वतःच्या वाटणीच्या पाण्यात माझी पँट धुवायचा.”

“आणि लढाई?” मी विचारलं.

“आम्ही गावं जाळली. त्याबद्दल आम्ही दोघंच एकमेकांशी बोलतो. हगवणीचा वास गेला. त्या जाळाचा नाही जात.”

मित्राला इंग्रजी येत नव्हतं. तो बादली उलटी करून उन्हात ठेवत होता.

त्याच शनिवारी एका मराठी घरी आमचं दर महिन्याचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. यजमानाने फ्रेंच वाइनची बाटली सिंकमध्ये ओतली. कुणी शूटिंग केलं, बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

“पळपुटे साले! लढायचं म्हटलं की शेपूट घालतात, यार.”

मी मेलबॉक्सचं सांगितलं. मग यजमान म्हणाला, “कुत्र्यालाही मत असतं, वहिनी!”

खोलीभर हशा पिकला. हसणाऱ्यांत माझा नवराही होता.

गाडीत तो म्हणाला, “अगं, सगळेच हसत होते. ह्याच लोकांत राहायचंय आपल्याला.”

मी काच खाली केली. त्याच्या शेजारी बसवत नव्हतं.

उन्हाळ्यात आजोबांनी घर विकलं आणि ते मित्राच्या गावी राहायला गेले. त्या पॉटलकला मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. नवरा जात राहिला. परतल्यावर तिथलं काही सांगायला लागला, की मी उठून आत जायचे.