स्क्रीनवर फक्त मामाचं नाव

अमानवीय अनुभव म्हटल्यावर तुम्ही उशी छातीशी धरून बसला असाल. ठेवा बाजूला. या किश्श्यात वड नाय, अमावस्या नाय, पांढऱ्या साडीतली बाई तर अजिबातच नाय — साड्या लई होत्या, पण सगळ्या झगमगत्या. वेळ सकाळी साडेअकराची. जागा, शहरातल्या क्रांती चौकाच्या जरा पुढचं एक मंगल कार्यालय. आणि झपाटलेलं काय, तर एक जुना कॉम्प्युटर.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. उलट गावाकडं पिशोरच्या शाळेत मीच भुताचा आवाज काढून पोरं पळवायचो. मास्तर, एसटीचा कंडक्टर, भोंग्यावरचा भंगारवाला... कुणाचाही आवाज काढतो मी. त्याच गुणानं घात केला.

ताईच्या साखरपुड्याला माझा सखाराममामा नवा फेटा बांधून पाहुण्यांत बसला होता. मामाचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला. माझ्या हाती माइक आला आणि मी मामाच्या आवाजात मेंढरं हाकली — "हर्र्र... ह्यो ह्यो... ए लंगडे, मागं फिर." नवरदेवाकडचे लोक हसून हसून लोळले. मामा भरलं ताट सोडून उठला. "भाच्यानं चार माणसांत माझंच मेंढरू केलं," एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर आईचा फोनसुद्धा उचलला नाय त्यानं.

आता आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. चुलतमामाला उभं करायचं ठरलं खरं, पण लग्नाच्या दिवशी सकाळपासून आईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "भूक नाय," म्हणायची आणि दाराकडं बघायची. मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो.

मला काम होतं म्हणा. आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसांना फेटे बांधतात आणि त्यांची नावं पुकारतात. एक नाव राहिलं की एक रुसवा पक्का. मी शहरात कॉम्प्युटरचं काम करतो, म्हणून शायनिंग मारायला एक छोटा प्रोग्राम लिहिला — फाइलमधून नावं वाचायची आणि कार्यालयाच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायची. आदल्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, यादी सांगितली, मी टाइप केली.

"सखारामचं नको टाकू," अण्णा म्हणाले. "नाव पुकारायचं आन माणूस नाय, जास्त हसं व्हतं."

नाय टाकलं. हे ध्यानात ठेवा.

माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम एकदम मख्खन चालला. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर लावला, तर स्क्रीनभर डोक्यावर तिरकी काडी ठेवलेले इंग्रजी ए, मधे कसल्यातरी विचित्र खुणा... एक अक्षर मराठी नाय. पाव्हणे खुर्च्यांवरून वर बघायला लागले.

स्क्रीन सांभाळणारे इरफानभाई म्हणाले, "मियां, ये क्या लिखे तुम? दुल्हन चांद से आरी क्या?"

फॉन्ट बदलला. तेच. फाइल नुसती उघडून बघितली — मराठी चोख. म्हणजे फाइल बरी, वाचण्यात घोळ. मग ट्यूब पेटली. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. ते आकडे कुठल्या पद्धतीनं वाचायचे, हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. माझा लॅपटॉप न सांगता युनिकोड धरतो. तो जुना विंडोज न सांगता इंग्रजीवाली पद्धत धरतो. दोघं आपापल्या सवयीनं वागले. एका शब्दाची दुरुस्ती होती. ती करायला मी मान खाली घातली...

"रुक रे," इरफानभाई म्हणाले. "वो बीचवाली लाइन तो साफ है."

वर बघितलं. त्या सगळ्या कचऱ्यात मधोमध एकच ओळ, स्वच्छ मराठीत — श्री. सखाराम कोंडिबा, पिशोर.

माझ्या हातातला माउस टेबलावर आपटला.

त्याच वेळी दारात, चपलांच्या ढिगाजवळ, काठी घेऊन मामा उभा. लांबूनच अक्षता टाकून निघून जायचं म्हणून आलेला, हे नंतर कळलं. चौथी शिकलेला माणूस... बोट हवेत धरून एकेक अक्षर जुळवत होता. जुळलं तसा बाजूच्या माणसाला म्हणाला, "बाकी समद्यांची नावं भुतानं खाल्ली, माझंच तेवढं ठेवलं व्हय?" आणि हसत हसत आत आला.

आईनं ते बघितलं. पळत गेली, भावाचा हात धरला, आणि कुणाच्यातरी ताटातला बुंदीचा लाडू उचलून तिथंच तोंडात टाकला. उभ्यानं. अख्खा लाडू.

मी तो एक शब्द घातला, प्रोग्राम परत चालवला. सगळी नावं मराठीत आली. मामाचं गायब. येणार कुठून, फाइलमध्ये नव्हतंच ते. कुणाच्या लक्षात यायच्या आत मी घाम पुसत स्वतःच्या हातानं टाइप केलं, सगळ्यांच्या वर. इरफानभाई मघाशी मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून बघायला लागले.

मग काय — मामानं ताईला मांडवात आणलं, अक्षता पडल्या, आणि हलगीवर मामा माझ्यापेक्षा जास्त नाचला.

नंतर मी तीच जुनी फाइल, तोच न सुधारलेला प्रोग्राम, तोच कॉम्प्युटर घेऊन पन्नासदा चालवून बघितलं. दर वेळी सगळा कचराच. आख्खी फाइल चुकीची वाचली जात असताना एकच ओळ बरोबर यावी — आणि तीही फाइलमध्ये नसलेली? आख्खी एसटी कन्नडला निघालीय आणि त्यातली एकच सीट सोयगावला पोचली, असं झालं हे. इरफानभाईंच्या मोबाइलमध्ये तेव्हाचा फोटो आहे, म्हणून मला स्वप्न पडलं असंही म्हणता येत नाय. ऑफिसात चौघांना दाखवला. तिघं म्हणाले मी एडिट केलाय. चौथा अजून विचार करतोय.

बोलणी मात्र मी त्या दिवशीच खाल्ली. पंगतीत मी मामाच्या पाया पडलो.

"मामा, ते नाव मी नव्हतं..."

"गप. तुझ्याबिगर कोण करणार?" मामानं माझा कान धरला. "एवढ्या मोठ्या पडद्यावर नाव टाकता येतं. मास्तरचा आवाज येतो, माझा येतो, मेंढराचा येतो. आन 'मामा, चुकलं, या' एवढं फोनवर म्हणायला जीभ झडली व्हती? न सांगता कळंल वाटलं व्हय माणसाला?"

"चुकलं, मामा."

"कुणाच्या आवाजात बोलतोस?"

"माझ्याच."

"मग मोठ्यानं बोल. पाव्हण्यांना ऐकू जाऊ दे."