आत्या मीटिंगमधून उठून बाहेर गेली तेव्हा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं, कारण बाबा माझं सगळं वाचतात. पण परवा आईने आत्याचा विषय काढला आणि बाबा भरल्या ताटावरून उठले, मग मला राहवेना. वाचू देत.

तर आत्या, बाबांची मोठी बहीण. एका पंख्यांच्या कंपनीत खरेदी बघते. तारा, पाती, स्क्रू, पॅकिंग, काय कोणाकडून घ्यायचं ते. घरात आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो, तोंडावर म्हणतो. माल देणाऱ्यांकडे गेली तर ती त्यांचा चहासुद्धा पीत नाही, पिशवीत स्वतःचा थर्मास. एकाने घरी मिक्सर पाठवला तर तो तिने त्याच टेम्पोत परत चढवला आणि वर ड्रायव्हरला चहा पाजला. पण कडकबिडक नाहीये हां ती. हसायला लागली की तिला उचकी लागते, आणि माझी परीक्षा असली की माझ्याआधी तिचं पोट बिघडतं.

बाबांचं पुठ्ठ्याच्या बॉक्सचं वर्कशॉप आहे. मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि मशीनवर चादर पडली. नवं काम आलं नाही तर वर्कशॉप बंद करायचं, असं आई-बाबांचं ठरलंही होतं. तेवढ्यात आत्याच्या कंपनीला पंख्यांसाठी नवे बॉक्स हवे झाले.

बाबांनी नमुने दिले आणि आत्या घरी आल्यावर म्हणाले, "तायडे, आता सगळं तुझ्या हातात."

"माझ्या हातात तुझ्या बायकोने दिलेला कप आहे. पुढचं विचारू नकोस."

"सख्ख्या भावासाठी एक शब्द टाकणार नाहीस?"

"टाकणार ना. हा माझा भाऊ आहे, एवढं सांगणार आणि बाहेर जाऊन बसणार."

तिने तसंच केलं. मीटिंगमध्ये सांगितलं आणि पॅसेजमध्ये कूलरशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. घोळ इथेच झाला. त्या कंपनीत असं कोणी कधी उठलंच नव्हतं. रंग कंपनीच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या मेहुण्याकडून येतो, ट्रक त्यांच्या साडूचे, आणि दोघंही मीटिंगला बसून आपापली कामं आपणच मंजूर करतात. त्यामुळे आतल्यांना वाटलं, मॅडमना तोंडाने मागायला लाज वाटतेय, म्हणून बाहेर गेल्या. नमुने उघडलेसुद्धा नाहीत, काम बाबांना देऊन मोकळे. अकाउंटंट हसत बाहेर आला. "मॅडम, इशारा समजला आम्हाला. झालं तुमचं काम."

इकडे काम मिळाल्याचं कळताच बाबांनी चादर काढली, मशीनला तेल घातलं, आईला स्टुलावर उभी करून जाळी झाडायला लावली. शिट्टी वाजवत होते. माझे बाबा. शिट्टी.

दुसऱ्या दिवशी आत्या शेठकडे गेली. शेठ म्हणाले, "अहो ताई, आमचा साडू तर आत बसून घेतो. तुम्ही निदान बाहेर गेलात. अजून किती सभ्यपणा करणार?"

"नमुने तपासा. माझ्याशिवाय. पंखा भरा आणि टेबलावरून खाली टाका."

टाकले. बाबांच्या बॉक्सचा कोपरा फाटला, दुसऱ्या एकाचा टिकला. काम त्याला गेलं.

हे सांगायला आत्या स्वतः वर्कशॉपमध्ये आली, फोनवर नाही. मी तिथेच होते. बाबांनी मशीन बंद केलं.

"मिळालेलं काम होतं, तायडे. तू जाऊन काढून घेतलंस."

आत्या म्हणाली, "हो."

एवढंच. मला वाटलं काहीतरी पुढे बोलेल, समजावेल. तिने बाबांच्या शर्टाला लागलेला पुठ्ठ्याचा भुगा झटकायला हात पुढे केला, बाबा मागे सरकले, ती गेली. मी त्या दिवशी दोघांवरही चिडले होते, कोणावर जास्त ते अजून कळत नाही.

एक मशीन विकलं. दुसऱ्यावर बाबा चपलांचे बॉक्स बनवतात, कसंबसं चाललंय. पण दुपारी काम थांबलं की ते मोठ्या बॉक्समध्ये विटा भरतात आणि टेबलावरून टाकतात. कोपऱ्याला आता पुठ्ठ्याचा जास्तीचा थर देतात. का, ते सांगत नाहीत. आई विचारते तेव्हा म्हणतात, हात मोकळे आहेत म्हणून.

तिकडे साडूचं काम निघालं की अकाउंटंट आता म्हणतो, "साहेब, जरा बाहेर बसता?" साडू तणतणत जातात, पण जातात. त्याचा राग आत्यावर निघालाच. तिला गोडाउनमागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलंय. मी गेले होते भेटायला. एकटीच डबा खात होती. पहिलं काय विचारलं तर, "त्याचा कोपरा आता टिकतो का गं?"

तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल, ज्याने तुमच्यासाठी शब्द टाकायला नकार दिला आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. फोन नका करू, जाऊन भेटा. ह्याच आठवड्यात जा.