सातमीला मोजलेला धूर

डाहीबा भीत असे ती फक्त शीतळामातेला. पालिका, पोलीस आणि पोटचा मुलगा यांना ती एकाच दावणीला बांधायची. सकाळी एसटी स्टँडसमोर बाभळीची दातणं विकायची आणि उरलेल्या काटक्या चुलीसाठी घरी आणायची. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायची, "राहू दे भाई, दात पडले की ये. फुकट देईन."

तिची नि आमची भिंत एकच. पालिकेने बांधून दिलेल्या त्या घरांना दार आहे, खिडकी नाही. बांधणाऱ्याने आयुष्यात जेवण फक्त ताटात पाहिलेलं असावं. डाहीबाची सून हंसा दम्याची. चूल पेटली की ती तोंडाला पदर लावून दारात बसे, आणि तिच्या छातीची शिट्टी आमच्या घरात ऐकू येई. धूर थांबल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सिलिंडर होतं, पण भरून आणणं झेपेना, म्हणून त्यावर पिठाचा डबा ठेवलेला.

अशात पालिकेने हवामानाचा कार्यक्रम काढला. आधी भाषणं झाली, मग मंडप उतरला आणि मग कळलं की ज्या वसाहतीत धूर जास्त, तिथे आधी गॅसची पाईप येणार आणि घराला खिडकी पाडून मिळणार. डाहीबा म्हणाली, "धुरात आपला हात कोण धरणार? पहिला नंबर आपलाच."

धूर मोजायला माणसं आली ती नेमकी शीतळा सातमीला.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की आदल्या दिवशी, छठीला, सगळं रांधून ठेवायचं, चूल सारवायची, कुंकू लावून तिच्यात कपाशीचं रोप ठेवायचं. रात्री माता येऊन त्या गार राखेत लोळते. सातमीला चूल पेटवली तर ती भाजते. मीही इतकी वर्षं पाळते. त्या दिवशी वसाहतीत उदबत्तीपुरताही धूर नव्हता.

पालिकेचे मिनेशभाई गळ्यात पट्टा अडकवून आले. यंत्र गल्लीभर फिरवून म्हणाले, "वा! इथली हवा तर डोंगरावरची!"

"आज सातम आहे, साहेब," डाहीबा म्हणाली. "उद्या या. रडत घरी पाठवते."

"उद्या दुसरी वसाहत. तारखा वरून ठरल्यात."

"वर जो बसलाय त्याला आई नाही?"

"एवढंच असेल तर पेटवा दोन काटक्या. मशीनला सातम-बितम कळत नाही."

हंसा पुढे झाली. "बा, पेटवा. पाप मला लागू दे."

डाहीबा चुलीपुढे बसली. रोप बाजूला करायला हात घातला, आणि तसाच काढून घेतला. "उठ गं," सुनेला म्हणाली. "मातेला भाजून मिळणारी खिडकी नको. दुसरं काही करू."

इतक्यात साहेबांना भूक लागली. तिच्याच ओट्यावर टेकून त्यांनी डबा उघडला. आत गार थेपले, दही आणि बाजरीच्या पिठाचं कुलेर.

डाहीबाने वाकून पाहिलं. "अरे! साहेबांकडेही चूल नाही पेटली?"

"बायको पाळते."

"मशीनला कळत नाही, बायकोला कळतं. मग पालिकेने नोकरी तिला द्यायची!"

गल्ली हसली. साहेब खाली मान घालून खात राहिले, आणि बोटं चाटून झाल्यावर लिहिलं, धूर नाही, आणि खाली सही ठोकली. ज्याला माहीत नसतं त्याचा मला राग येत नाही. पण घास मातेच्या नावाचा आणि लेखणी अशी, या माणसाची मला किळस आली.

पाईप तिसरीकडेच गेली. आम्हाला लोखंडी फलक मिळाला, 'धूरमुक्त हरित वसाहत'. तो डाहीबाच्या मागच्या भिंतीसमोर रोवला, मधे भिंतीलगत रोपं लावली आणि प्रत्येकाभोवती बांबूची जाळी उभी केली. नगरसेवकांनी कोरड्या झारीने पाणी घालताना फोटो काढून घेतला. खरं पाणी घालायला कुणी आलं नाही. दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या, जाळ्या तेवढ्या शाबूत राहिल्या.

मग एका सकाळी डाहीबाने मुलाच्या हातात पहार दिली. "मार," म्हणाली. चुलीच्या वरच मागच्या भिंतीला हातभर भोक पाडलं आणि मांजर येऊ नये म्हणून त्यात बांबूची एक जाळी बसवली.

मिनेशभाई धावत आले. "भिंत पालिकेची आहे, बा! गुन्हा दाखल होईल!"

"करा. काय लिहाल?"

"धुरासाठी भिंत फोडली, असं."

"लिहा की! धूर हा शब्द तेवढा ठळक काढा. मागच्या खेपेला राहिला होता."

साहेबांनी फलकाकडे पाहिलं, आपल्याच सहीचा विचार केला असावा, आणि निघून गेले. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

हंसाचा दमा गेला नाही. पण आता ती चुलीपाशी बसून रोटला थापते, आणि धूर भोकातून बाहेर पडतो तो थेट फलकावर. हिवाळा सरेपर्यंत त्यावरचं 'मुक्त' काळं पडलं होतं. पुसायला अजून कुणी आलेलं नाही.