स्क्रीनवर वाजवलेली घागर

वेबसाइट बनवणाऱ्यांना किस्से जमवावे लागत नाहीत. आपण एक बटण ठेवायचं, लोक त्याच्या शेजारी बोट ठेवतात, झाला किस्सा. हिंदी मुलखात, दुर्गजवळच्या वैशाली नगरात आमचं दोन माणसांचं ऑफिस आहे. भूषण कोडिंग करतो, मी डिझाइन करते आणि चहा कोणी करायचा यावर रोज मीटिंग होते. आमचे सगळ्यात चांगले किस्से मात्र एकाच साइटचे आहेत, पावर हाउस नावाच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या.

साइटचा हट्ट दुकानाच्या सुनेचा, रूपालीचा. गल्ल्यावर सासरे बसतात, शंकरराव. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही चालली तं गोदामातलं तुह्यं टेबल उचल." त्या टेबलासाठी रूपालीने गोदामाचा कोपरा स्वतः झाडून घेतला होता. लग्नानंतर स्वतःचं म्हणावं असं तिचं ते पहिलंच काम. साइट चालावी असं आम्हालाही मनापासून वाटायचं.

*

सर्चमध्ये लोक काय टाइप करतात ते बघायला आम्ही उत्सुक होतो. परात असेल, कुकर असेल. पहिलाच शोध आला, "नमस्कार भाऊ, दुकान उघडं आहे का".

साइटने ठरलेलं उत्तर दिलं, "काही सापडलं नाही."

लगेच त्या गिऱ्हाइकाचा शंकररावांना फोन. "कावून हो, चोरीबिरी झाली का दुकानात?"

भूषणने त्याच दिवशी ते वाक्य काढलं. आता नमस्कार केला की साइटही आधी नमस्कार करते, मग काय हवं ते विचारते.

*

भांड्यांची नावं आम्ही पुस्तकी दिली होती. म्हणजे पातेलं. इथली मराठी घरं बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडची, त्यांच्या गॅसवर पातेलं नाही, गंज चढतो. त्यांची मुलं हिंदीत भगोना शोधतात. साइट दोघांनाही नाही म्हणायची.

शंकररावांनी मला मागची गंजांची थप्पी दाखवली. "गंज नाही म्हणून गिऱ्हाइकाले परत धाडायची हिंमत माह्या बापानं केली नाही. तुह्या मशीननं केली."

आम्ही निमूटपणे तिन्ही नावं एकाच भांड्याला जोडली.

*

मग नवीनच कोडं. लोक कार्टमध्ये सामान भरायचे, शेवटच्या बटणापर्यंत यायचे आणि निघून जायचे. भूषण म्हणे पेमेंटमध्ये गडबड आहे. मी म्हणे बटणाचा रंग चुकला. दोघांनी आपापलं बदललं, फरक काही पडला नाही. शेवटी रूपालीने एका बाईंना फोनच लावला.

"काकू, परात निवडून तशीच सोडून गेल्या?"

"गेली कुठं? तू आवाज देशील, भाव कमी करशील, म्हणून वाट पाहून राहिली ना बाई."

पावर हाउसमध्ये खरेदी अशीच होते. नाही परवडत म्हणायचं, पायरी उतरायची आणि दुकानदाराने मागून हाक मारायची. आम्ही पायरी दिली होती, हाक द्यायला विसरलो होतो. आता कोणी निघालं की "थांबा हो, बसून बोलू" असं येतं आणि खाली रूपालीचा नंबर. पराती, कढया जायला लागल्या. पितळी घागर मात्र एक हलेना, आणि घागरी म्हणजे त्या दुकानाचं नाक.

*

घागरीच्या फोटोवर लोक भराभर टॅप करायचे आणि पुढे जायचे. भूषणने दोन दिवस कोड चाळला. मी फोटो मोठा केला, तर टॅप वाढले.

शेवटी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधल्या माझ्या आत्याला मोबाइल दिला आणि म्हटलं, घागर घे. तिने फोटो उघडला, बोट दुमडलं आणि सांध्याने ठक ठक केलं. मोबाइल कानाला लावला.

"आत्या, हे काय?"

"वाजवून पाहून राहिली. न वाजवता पितळ कोण घेते?"

मला हसू आलं, आणि आपण कसे इतके दिवस आंधळे होतो याचं वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी रूपाली गोदामात एकेक घागर वाजवत बसली आणि आम्ही आवाज रेकॉर्ड केले. आता फोटोवर टॅप केलं की ती घागर वाजते.

*

धनत्रयोदशीच्या आधी शंकररावांनी निकालासाठी बोलावलं. आम्ही दोघं गल्ल्यापाशी उभे. रूपालीने मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि पदर सारखा करत राहिली. तिचं टेबल आता त्यांच्या एका शब्दावर होतं.

त्यांनी घागर उघडली, चष्मा वर सरकवला आणि टॅप केलं. ऐकलं. पुन्हा केलं.

"दुसरी दाखव."

रूपालीने पुढची दाखवली. त्यांनी तीही वाजवली. मग तिसरी. चेहऱ्यावरून काही कळेना. भूषण माझ्याकडे बघत होता, मी रूपालीकडे.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा ते वरची परात काढता का?"

शंकररावांनी मान वर केली नाही. मोबाइल कानाशी तसाच धरून ते म्हणाले,

"थोडं बसा, बाई. मी सुनेच्या दुकानात आहो."