'मामाजी म्हणतात' नावाचं खातं

गाडी अंगणात उभी होती. माझा मोठा मुलगा विलास त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या अर्चनाला, धरून बाहेर आणत होता. ताप अंगात मुरला होता, श्वास घेताना छाती वाजत होती, म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी दारात उभा होतो. वाटलं, पाणी मागेल, नाहीतर देवाला नमस्कार करेल. पण पायरीवर थांबून ती म्हणाली, "मामाजी, फाईल उघडीच राहिली हो. नीट बंद केल्याशिवाय कुणाला बटन दाबू देऊ नका." मी म्हटलं, "तू जाय. मी पाह्यतो तुह्या फाईलीकडे." सासऱ्याचं आणि सुनेचं शेवटचं बोलणं हे असं झालं.

फाईल कशी बंद करायची ते मला येत नव्हतं, आणि कुणाला विचारायची मला सवय नाही. म्हणून लोखंडी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. पडदा काळा पडला की माऊस हलवायचो, तेवढं येत होतं. जेवण तिथंच घेतलं, रात्रीही खुर्चीतच डोळा लागला. दुसऱ्या दिवशी लाईन गेली, इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला, आणि त्यातच विलासचा फोन आला. "बाबा..." एवढंच म्हणाला. मला कळलं, आणि मी फोन ठेवला. समोर तिनं अर्धवट सोडलेली ओळ होती. ओळीच्या टोकाशी ती उभी काडी लुकलुक करत होती, पुढचं अक्षर कुठं येणार ते दाखवत... त्या काडीकडे पाहत मी किती वेळ बसलो, माहीत नाही.

पेपरच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात. ते मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचतो. चौथीत शाळा सुटली, पण अंगठा कधी लावला नाही, सही करतो. माझ्या सुनेवर कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. शुद्धलेखन सुधारणाऱ्यानं सुधारावं, म्हणणं मात्र माझं राहू द्यावं.

अर्चना उमरखेडकडची. आमचं गाव नेरजवळ, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाची सून त्या टोकाहून आणलेली. तिची बोली वेगळी, आमची वेगळी. बी.कॉम. झालेली होती आणि घरात आली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, या घराचा हिशेब एका जागी असला पाहिजे. आमचं घर तेव्हा एकत्र होतं. मी, माझी घरची, विलास, धाकटा प्रमोद, त्याची बायको. कापूस, तूर, सोयाबीन सगळं एका खात्यात. हिशेब माझ्या डोक्यात असायचा, थोडा घरचीच्या वहीत. अर्चनानं भावाकडून जुना कॉम्प्युटर आणवला, त्यात घरहिशेबाचा प्रोग्राम टाकला आणि रोज दिवेलागणीला विचारायला यायची. "मामाजी, आज खर्च काय झाला?" मी म्हणायचो, "तुह्या टीव्हीले विचार." ती हसायची. "माझा टीव्ही तुम्ही सांगाल तेवढंच बोलतो." बियाण्याचं खातं वेगळं, मजुरीचं वेगळं, किराण्याचं वेगळं. माझ्या तंबाखूचंही वेगळं केलं होतं. मी भांडलो तेव्हा ते किराण्यात घातलं. हळूहळू मलाही गोडी लागली. दिवेलागणीला ती आली नाही तर मी खाकरायचो.

प्रमोदलाही तिनं शिकवलं होतं. तेव्हा दीर-भावजयीचं चांगलं जमायचं. तो म्हणायचा, "वहिनी, बाबाच्या डोक्यातलं काढून पेटीत टाकलं तुम्ही, आता बाबा रिकामे!" आणि मी दोघांनाही शिव्या द्यायचो.

मग ती दिवाळी आली. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला हिशेबाची वही पाटावर उघडी ठेवतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, आणि सकाळ होईपर्यंत मिटत नाहीत. लक्ष्मीपुढं वही मिटली की घराचं दार मिटलं, असं माझी घरची मानते. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलं होतं. पण वहीच उरली नव्हती. मग घरची म्हणाली, "वही नाही त पूजा कायची? हिशेब जिथं आहे त्याचीच पूजा करा." कॉम्प्युटरचं टेबल पाटाशेजारी सरकवलं, पडद्याच्या चौकटीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. फाईल उघडी. अर्चना म्हणाली, "आत्याबाई, पूजा झाली की मी हे बंद करते." घरची म्हणाली, "सकाळपर्यंत बंद करायचं नाही." तिनं सासूचं ऐकलं. आरती चालू असताना लाईन गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तेव्हा इन्व्हर्टर नव्हता. पाडव्याला तिनं उघडायला घेतली, तर फाईल खराब झाली आहे, उघडता येत नाही, असं पडद्यावर आलं.

घरची घाबरली. "लक्ष्मी कोपली व माय." अर्चना म्हणाली, "लक्ष्मी नाही हो आत्याबाई, लाईन." पण तिचाही चेहरा उतरला होता.

त्यानंतरचे दिवस मी तिच्याजवळ बसून काढले, म्हणून सांगू शकतो. पहिली गोष्ट तिनं केली ती ही की मोडलेल्या फाईलची एक कॉपी काढली आणि मूळ फाईल बाजूला ठेवून दिली. म्हणाली, "जे करायचं ते कॉपीवर. मूळ जशी मोडली तशीच राहू द्यायची, आपल्या हातून आणखी मोडायला नको." त्या प्रोग्राममध्येच दुरुस्तीची सोय होती, ती तिनं कॉपीवर चालवली. फाईल उघडली, पण कशी? पाण्यात भिजलेल्या पोत्यासारखी. काही नोंदी दोनदा झालेल्या, काहींच्या तारखा पळालेल्या, शिल्लक भलतीच. मला वाटलं झालं आता, उघडली ना. ती म्हणाली, "उघडली म्हणजे बरी झाली असं नाही मामाजी." मग तिनं पेन ड्राईव्हमधली जुनी कॉपी काढली. ती पेरणीच्या आधीची होती. तिथून पुढचा एकेक व्यवहार नव्यानं लिहायला घेतला. बँकेचं पासबुक, कृषी केंद्राची बिलं, कापसाच्या काट्याच्या चिठ्ठ्या, सगळं जमिनीवर पसरलं. नवी फाईल एकीकडे, दुरुस्त केलेली एकीकडे, आणि दोन्हीकडे सारखं दिसेल तेच खरं धरायचं. डोळे लाल व्हायचे तिचे. मी म्हणायचो, "अंदाजानं टाक ना वं, कोण पाह्यते?" ती म्हणायची, "मी पाहते."

सगळं लागलं. एक सोडून.

पावसाळ्यात घरच्या खात्यातून एक रक्कम रोख काढलेली होती. खातं माझ्या नावाचं, सही माझी, बँकेत जायची अर्चना. काढल्याचं पासबुकात होतं. गेली कुठं, ते दुरुस्त फाईलमध्ये असायला हवं होतं. तिथं तारीख होती, रक्कम होती, पण नावाच्या जागी नुसते चौकोन होते. मराठी अक्षरं मोडून चौकोन झाले होते. तिनं नाना तऱ्हा करून पाहिल्या, चौकोनाचं अक्षर झालं नाही. आणि त्याच आठवड्यात ती माहेरी, उमरखेडला गेली होती.

कोण आधी बोललं ते सांगत नाही. पण एका सकाळी चहा पिताना प्रमोद म्हणाला, "वहिनी, फाईल बरोब्बर तिथंच कशी मोडली?" विलासनं कप खाली ठेवला. मी बोललो. "ते दुबार पेरणीचं बियाणं होतं. पहिली पेरणी वाया गेली, म्हून मी सही देल्ली, हिनं पैसे काढले, मी नेरहून बियाणं आणलं. रोखीनं. बिल पावसात गेलं." प्रमोद म्हणाला, "बाबा, तुम्ही त वहिनीचंच म्हणसान." माझ्या घरात, माझ्या पोरानं, माझ्या शब्दाला असं म्हटलं. दुकानदाराकडे गेलो, तर त्याच्याकडंही कच्च्या पावतीची नक्कल नव्हती.

मी घरी आलो आणि अर्चनाला म्हटलं, "लिही. बियाणं. मी सांगून राह्यलो." तिनं कीबोर्डवरून हात उचलला. मग म्हणाली, "मामाजी, मला आठवत नाही. त्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते मला आठवलं असतं तर मीच लिहिलं असतं."

"मग मी खोटं बोलतो काय?"

"नाही. पण बियाण्याच्या खात्यात मी फक्त पाहिलेलं टाकते. हे मी ऐकलेलं आहे."

"माह्या शब्दाले या गावात पावती लागत नाही!"

"गावात नाही लागत," ती हळू म्हणाली, "फाईलीत लागते." आणि तिनं माझ्यासमोर एक नवंच खातं उघडलं. नाव टाकलं, 'मामाजी म्हणतात'. त्यात ती एकच नोंद, दुबार पेरणीचं बियाणं. शिल्लक जुळली, पण या खात्याच्या आधारानं, सगळ्यांना दिसेल अशी. एक शब्द बियाण्याच्या खात्यात लिहिला असता तर तिच्यावरचा आळ तिथंच संपला असता. माझ्यासारखा माणूस साक्षीला उभा होता, तरी तिनं लिहिला नाही. मला एवढा राग आला की आठवडाभर तिच्या हातचा चहा घेतला नाही. चहा रोज दाराशी ठेवलेला असायचा, थंड व्हायचा, ती उचलून न्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात चुली वेगळ्या झाल्या. प्रमोदनं अंगणात भिंत घातली, फार उंच नाही, उभ्यानं पलीकडचा माणूस दिसेल एवढीच. कारणं दुसरीही होती, सगळं त्या नोंदीवर नाही. पण भिंतीची पहिली वीट कुठली, ते मला माहीत आहे. अर्चना प्रमोदला पूर्वीसारखीच "भाऊजी" म्हणत राहिली. त्याच्या घरी भाजी पाठवायची, भांडं परत यायचं, निरोप यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "तुले राग नाही येत काय वं?" ती म्हणाली, "येतो ना मामाजी. पण माझ्याकडं दाखवायला काही नाही. भाऊजींनी काय पाहून विश्वास ठेवावा?" मला हेच अजून टोचते. माझी आठवण तेव्हाही पक्की होती, आजही पक्की आहे. पण ती पक्की असून त्या पोरीच्या कामी आली नाही. नावावर तो चौकोन घेऊनच ती गेली.

विलास तिला घेऊन आला तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. प्रमोद भिंतीला वळसा घालून आला, वहिनीच्या पायाशी बसला, आणि उठला तेव्हा मी त्याला दंडाला धरलं. म्हटलं, "फाईल उघडी आहे. मले बंद करता येत नाही." माणसं माझ्याकडे पाहायला लागली, म्हातारा भरमिष्ट झाला म्हणून. प्रमोद आत गेला. चुली वेगळ्या झाल्यापासून त्या खोलीत त्यानं पाय ठेवला नव्हता. मी मागून ओरडलो, "डायरेक्ट बटन दाबू नको!" तो म्हणाला, "माहीत आहे बाबा. वहिनीनंच शिकवलं होतं." तिची अर्धी ओळ त्यानं पुसली नाही. आधी कॉपी काढली, मग बंद केली.

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा तो पुन्हा आला. बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसला. मग म्हणाला, "बाबा, ते तुमचं खातं आहे ना... ती नोंद बियाण्यात टाकून देऊ काय? दोन बटनांचं काम आहे. हिशेब साफ होते."

"तवा माहं काहून नाही मानलं?"

त्यानं माऊस सोडला.

मी म्हटलं, "राहू दे. तिनं जिथं ठेवली तिथून हलवायची नाही. ती जिती असती त तिनं हलवू देल्ली असती काय? तुले आता पटलं असन, त तुह्या नावानं लिही."

तो उठून जाईल असं वाटलं. गेला नाही. नोंदीच्या शेजारी शेरा लिहायची जागा असते, तिथं त्यानं दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'प्रमोदही म्हणतो'. मला वाचून दाखवलं नाही. मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं.

एवढं तिनं पाहायला पाहिजे होतं...

कॉम्प्युटर तिथंच आहे. विलास संध्याकाळी उघडतो, दोन नोंदी करतो, झाकून ठेवतो. चौकटीवरचं त्या दिवाळीचं कुंकू तिनं कधी पुसलं नव्हतं, आम्हीही पुसत नाही. लाईन गेली की इन्व्हर्टर कुंई कुंई करतो, आणि मी हातातलं काम टाकून त्या खोलीत जातो. फाईल बंद आहे हे मला माहीत असते. तरी लाईन येईपर्यंत त्या लोखंडी खुर्चीत बसून राहतो.