गेरूनं काढलेली कादंबरी

रिठदच्या गोजराबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण आख्खी कादंबरी तिनं घराच्या भिंतीवर उतरवली. भारी हट्टी बाई! आम्ही शेजाऱ्यांनी तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

तिचा नवरा नथ्थू माळी. रिसोडच्या बाजारात वांगी घेऊन बसला की त्याची हाळी बाजारभर ऐकू जायची. मानमोडीच्या साथीत तो वाचला, पण दोन्ही कान गेले. स्वतःचाच आवाज कळेना, बोलणं वेडंवाकडं व्हायला लागलं. बाजारात कुण्या मेल्यानं दात काढले आणि नथ्थूनं तोंडच मिटलं. वर्ष झालं तरी घरातसुद्धा शब्द नाही. कान गेले ते गेले, पण जीभही जाऊ द्यायची? गोजराबाईला तेच खात होतं.

त्या हिवाळ्यात भगवंतराव मास्तर मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचून दाखवायचे. गोजराबाई मागे बसून ऐकायची आणि सकाळी भिंतीवर गेरूनं चौकोन आखून ऐकलेलं त्यात काढायची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता, म्हणून जहाजाला बैलगाडीची चाकं आली. राजकन्येच्या डोक्यावर मुकुटाऐवजी टोपली बसली. नथ्थू उकिडवा बसून एकेक चौकोन बघायचा. राजपुत्राचं जहाज बुडालं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. राजकन्या काठावर वाट बघत उभी राहिली. नथ्थूचं तोंड मात्र बंदच.

शेवटचा अध्याय वाचून झाला. सकाळी गोजराबाईनं चौकोन आखला आणि रिकामाच ठेवला.

नथ्थूनं हातानं खुणावलं. तिनं स्वतःच्या ओठांवर बोट टेकवलं, म्हणजे तोंडानं विचारा. तो रागारागानं मळ्यात निघून गेला, जेवायलाही आला नाही.

मास्तर तिच्यावर चिडले. "काहून छळून राह्यली त्याले? काढून टाक न चित्र!"

"त्यायनं इचारल्याबिगर नाई काढत, गुरुजी."

सण आला. गल्लीनं भिंती पोतारल्या, हिची तशीच. आम्ही नावं ठेवली, तिनं ऐकून सोडून दिली.

आणि एका दुपारी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा घोगरा, वेडावाकडा आवाज आला.

"आला का वं थो?"

कुणीही हसलं नाही.

पुस्तकात राजपुत्र परत आलाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी ते पारावर ऐकलं होतं. गोजराबाईनं पदरानं डोळे पुसले, गेरू कालवला आणि राजपुत्राला काठावर आणून उभं केलं.